डॉक्टर संशोधन का करतात, का टाळतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवतो. काही वर्षं पेशंटांवरच्या अभ्यासांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत बसलो, एमडी-एमएस करणाऱ्या रेसिडेंटांच्या थिसीसवर गाइड म्हणून सह्या केल्या, स्वतःचे थोडे पेपर छापून आले आणि त्याहून बरेच परत आले. इंटर्न, रेसिडेंट आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे माझे वर्गमित्र फिरून फिरून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं माझी आहेत, कॉलेजची नव्हेत.

पेशंट बघायलाच डॉक्टर पुरत नाहीत. मग संशोधन कशाला?

तोंडाच्या कॅन्सरचं घ्या. जिभेवर लहानशी गाठ आहे, मानेत हाताला काहीच लागत नाही. गाठ काढताना मानेतल्या ग्रंथीही आत्ताच काढायच्या, की वाट बघायची आणि पुढे दिसल्या तरच काढायच्या? यावर सर्जन मंडळी कित्येक दशकं वाद घालत होती. ज्यांच्याकडे असे पेशंट कमी येतात त्या देशांत हा वाद मिटणं कठीणच होतं. आपल्याकडे तंबाखूच्या कृपेने रांग लागलेली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी पेशंट दोन गटांत वाटून हे तपासलं आणि २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल या नामवंत अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापला. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्या गटातले ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ पेशंटमागे एक जीव. असा प्रश्न वॉर्डात रोज राउंड घेणाऱ्यालाच पडतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोच्या आसपास. वजनात एवढा फरक, पण आपल्या हडकुळ्या बाळाच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने राखलेली. इथल्या माणसाला कमी वयात आणि कमी वजनावर मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथे सापडतो. लंडनमध्ये लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात तो सापडला नसता.

मेडिकल कॉलेजांत संशोधन होतच नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक मोजदाद छापली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती पेपर काढले, एवढाच साधा प्रश्न. वर्षाला शंभराहून जास्त पेपर काढणाऱ्या संस्था निघाल्या २५, आणि देशातलं ४० टक्के काम त्यांनीच केलेलं. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही पेपर नव्हता.

यावर आमच्या स्टाफरूममध्ये पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: “बघा, आपण त्या ३३२ मध्ये नाही.” विषय तिथेच संपला.

नेमकं अडतं कुठे? वेळ नाही की पैसा नाही?

आधी वेळ. पैशाचा प्रश्न फार पुढे येतो.

आमच्या युनिटचा ओपीडीचा दिवस सांगतो. साडेआठला वॉर्डात राउंड, साडेनऊला ओपीडी. दारापासून जिन्यापर्यंत रांग. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दोन रेसिडेंट, मधे केसपेपरची चळत. पेशंटच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात, त्यातलं एक मिनिट म्हातारबाबांना स्टुलावर बसवण्यात जातं. दोन वाजता ओपीडी उठते. त्याच दिवशी इमर्जन्सी असेल तर रात्रभर ॲडमिशन. दुसऱ्या दिवशी पोस्ट-इमर्जन्सी राउंड, मग विद्यार्थ्यांचं लेक्चर, मग कुठल्यातरी योजनेची ऑनलाइन मीटिंग. यातला कुठला तास संशोधनाचा, ते दाखवा. आमच्या ड्युटीच्या तक्त्यात तसा रकानाच नाही. तो संध्याकाळी पाचनंतर घरातून उसना आणायचा असतो.

मला कुणी विचारलं की सरकारने एकच गोष्ट करायची तर काय, तर मी आठवड्यातली एक दुपार मागेन. त्या दुपारी त्या डॉक्टरला ओपीडी नाही, मीटिंग नाही, आणि ते ड्युटीच्या तक्त्यावर लेखी लिहिलेलं. तोंडी कबूल केलेली दुपार दुसऱ्या आठवड्यात बुडते, हा स्वानुभव आहे.

वेळेच्या खालोखाल हाताखालचं माणूस. दोनशे पेशंटना सहा महिन्यांनी फोन करून परत बोलवायचं तर तो फोन करणार कोण? परदेशी पेपरांत ज्याला रिसर्च नर्स म्हणतात ते पद आमच्याकडे नाही. फोन रेसिडेंट करतो, रात्री अकराला, स्वतःच्या मोबाइलवरून. पलीकडे पेशंट म्हणतो, “ऊसतोडीला आलोय डॉक्टर, पाडव्यानंतर येतो.”

आणि बदली. अभ्यास अर्ध्यात असताना गाइडची बदली झाली, किंवा नव्या कॉलेजच्या इन्स्पेक्शनपुरतं त्याला तिकडे पाठवलं, की तो अभ्यास पोरका होतो. असे पोरके अभ्यास मी स्वतः दोन सांभाळले आणि त्यातला एकही तडीस गेला नाही.

थिसीस तर प्रत्येक एमडी-एमएस करतो. त्यातून आवड का लागत नाही?

कारण थिसीस ज्या पद्धतीने होतो, ती आवड मारण्यासाठीच शोधून काढली असावी.

नवा रेसिडेंट येतो. पहिल्या काही महिन्यांत सिनॉप्सिस, म्हणजे थिसीसचा आराखडा, द्यायचा असतो. तेव्हा त्याला अजून वॉर्डातला बाथरूम कुठे आहे हे धड माहीत नसतं, आणि त्याने संशोधनाचा प्रश्न मांडावा अशी अपेक्षा. तो गाइडकडे जातो. गाइड म्हणतो, “मागच्या बॅचचं बघून घे, थोडं बदल.” मग ‘क्लिनिकल प्रोफाइल ऑफ’ने सुरू होणारं एक शीर्षक तयार होतं. केसेस किती? पन्नास. पन्नासच का? मागच्याच्या पन्नास होत्या.

पुढची दोन वर्षं तो विषय कपाटात. परीक्षेच्या सहा महिने आधी थिसीस सादर करायचा असतो, म्हणून त्याच्या दोन महिने आधी धावपळ. मास्टर चार्टचे, म्हणजे सगळ्या पेशंटांची माहिती एकत्र मांडणाऱ्या तक्त्याचे, रकाने रात्री बसून भरायचे. रेकॉर्डरूममध्ये लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतून जुने केसपेपर उपसायचे, त्यात किडनीच्या तपासणीचा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट चिकटवलेला असला तर नशीब. मग कॉलेजच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला. त्याच्याकडे टायपिंग, ग्राफ, स्टॅटिस्टिक्स आणि रेक्झिनच्या कव्हरवर सोनेरी अक्षरं असं सगळं पॅकेज मिळतं. तारखेला थिसीस जमा.

माझाही असाच झाला. खोटं कशाला बोलू? काही वर्षांपूर्वी लायब्ररीत गेलो होतो, तेव्हा मुद्दाम काढून पाहिला. मागच्या पानावर इश्यूच्या तारखांचा कागद चिकटवलेला, कोरा. आत एका टेबलाची बेरीज पन्नासऐवजी एकोणपन्नास येत होती. परीक्षकांच्याही लक्षात आलं नव्हतं. कुणी वाचलं असतं तर आलं असतं.

तीन वर्षांत संशोधनाची एवढीच ओळख झालेला माणूस पुढे स्वतःहून त्या वाटेला का जाईल? त्याला वाटतं, संशोधन म्हणजे हेच.

मग थिसीस बंदच करावा का?

नाही. अपवाद मी पाहिले आहेत. आमच्याकडच्या एका रेसिडेंटने फॉस्फरसयुक्त कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटांवर काम केलं, कारण तिच्या पहिल्याच इमर्जन्सीला तसा एक मुलगा दगावला होता. ती रोज सकाळी वॉर्डात शिरली की आधी त्या पेशंटकडे जायची. तिचा मास्टर चार्ट कधी रात्री भरावा लागला नाही. प्रश्न तिचा स्वतःचा होता. विषय निवडायला सहा महिने जास्त द्या आणि प्रश्न रेसिडेंटने आणायचा, गाइडने फक्त छाटायचा, एवढं झालं तरी फरक पडेल.

बढतीसाठी पेपरची अट आली. त्याने संशोधन वाढलं ना?

पेपर वाढले.

मेडिकल कौन्सिलने २००९ पासून अध्यापकांच्या बढतीला प्रकाशनं सक्तीची केली. २०१५ च्या परिपत्रकाने अट अजून आवळली: यादीतल्या पहिल्या दोनच लेखकांना श्रेय, केस रिपोर्ट (एखाद्या पेशंटची हकीगत) आणि रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा) बाद, फक्त ऑनलाइन निघणारी जर्नलंही बाद. आता विचार करा. चार हॉस्पिटलांनी मिळून मोठा अभ्यास केला, त्यात वीस डॉक्टर राबले, तर अठरा जणांच्या पदरात शून्य. त्यापेक्षा आपापल्या खोलीत बसून पन्नास-पन्नास केसेसचे चार किरकोळ पेपर काढलेले बरे. नियमाने जे शिकवलं ते लोक शिकले. पुढे २०२० आणि २०२२ मध्ये या अटी सैल झाल्या, जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या कॉरस्पाँडिंग लेखकालाही श्रेय मिळू लागलं, हे बरं झालं. पण सवय लागायची ती लागली.

आणि ही अट शरीरशास्त्राच्या अध्यापकाला तीच, दिवसाला चार ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला तीच. एखादा शिक्षक उत्तम शिकवतो, पेशंट त्याच्यावर जीव टाकतात. त्याला संशोधनाची ओढ नसेल तर त्याच्याकडून ओढूनताणून दोन पेपर काढून कुणाचं भलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

पैसे देऊन पेपर छापणारी जर्नलं कशी ओळखायची?

तेच तुम्हाला शोधत येतात. “आदरणीय डॉक्टर, आपला अमूल्य लेख आमच्या येत्या अंकासाठी” अशी मेल, खाली स्वीकृतीची हमी चार दिवसांत. दुसऱ्या तज्ज्ञांकडून लेखाचं परीक्षण झालं असं म्हणतात, पण परीक्षकाची एकही शंका नाही. चांगल्या जर्नलकडून पहिलं उत्तर आलं की दोन दिवस जेवण जात नाही, ही साधी परीक्षा. शंका असेल तर त्या जर्नलमधले मागचे तीन लेख उघडून वाचा. जाहिरात नाही, लेखच वाचा. पंधरा मिनिटांत कळतं.

एक मात्र लक्षात घ्या, छपाईचे पैसे घेणारं प्रत्येक जर्नल लुटारू नसतं. नामवंत ओपन ॲक्सेस जर्नलंही (कुणालाही फुकट वाचता येणारी) लेखकाकडून पैसे घेतात, तेही डॉलरमध्ये, आणि आकडा अनेकदा रेसिडेंटच्या महिन्याच्या स्टायपेंडच्या वर जातो. लेखकाकडून काही न घेणारी चांगली भारतीय जर्नलंही आहेत. आधी तिकडे पाठवा.

सरांचं नाव घालावंच लागतं का?

आंतरराष्ट्रीय संपादकांचा नियम स्पष्ट आहे: लेखक म्हणवून घ्यायचं तर कामात भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्या-सुधारण्यात हात हवा, अंतिम मसुद्याला मंजुरी हवी आणि जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही हवेत, एखादा नव्हे.

व्यवहारात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख आहेत म्हणून एक नाव, त्यांनी शेजारच्या विभागाला शब्द दिला म्हणून दुसरं, आणि ज्या पोरीने दोनशे पेशंटांचं रक्त काढलं तिचं नाव पाचवं. एकदा मीही असा फुकटचा लेखक झालो आहे. पेपर छापून आल्यावर वाचला, तर त्यातली एक गोष्ट मला पटेना. कुणी कॉन्फरन्सला उठून प्रश्न विचारला असता तर मी काय उत्तर देणार होतो? तेव्हापासून आमच्या युनिटात एक पद्धत ठेवली आहे. सिनॉप्सिसच्याच दिवशी नावांचा क्रम कागदावर लिहायचा, सगळ्यांनी सही करायची. पहिल्यांदा अवघड वाटतं, भांडण मात्र पुढचं टळतं. तुम्ही ज्युनियर असाल तर हा कागद तुम्ही मागू शकत नाही, हेही मला कळतं. म्हणून ते सिनियरनेच सुरू करायला हवं.

एथिक्स कमिटी मुद्दाम अडवते का?

बाहेरून तसं वाटतं. मलाही वाटायचं, मग आत बसलो.

कमिटीत किमान सात जण लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक कायद्याचा जाणकार, आणि एक सामान्य माणूस. आमच्याकडे या शेवटच्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. एका मीटिंगला एका रेसिडेंटचं मराठी संमतीपत्र पुढे आलं. बाईंनी चष्मा वर करून विचारलं, “हे ‘यादृच्छिक वाटप’ म्हणजे काय हो?” तो मुलगा म्हणाला, “रँडमायझेशन.” बाई म्हणाल्या, “ते तुम्हाला. शेतमजूर बाईला काय सांगणार?” दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. शेवटी फार्माकोलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, “चिठ्ठ्या टाकून ठरवू असं लिही.” तसं लिहिलं. तो फॉर्म महिनाभर अडवला म्हणून तो मुलगा आमच्यावर नाराज होता, पण नंतर त्याच्या अभ्यासात नकार फारच थोडे आले.

अडतं ते वेगळ्याच कारणांनी. मीटिंग तीन-तीन महिने होत नाही, कोरम भरत नाही, अर्जाच्या तेरा प्रती मागतात. नियम तसे वाटतात तितके आडमुठे नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नावगाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदींचा, जोखीम नसलेला अभ्यास असेल तर पूर्ण बैठकीची गरज नसते. त्याला सूट किंवा जलद परीक्षण मागता येतं. मागा. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

सीटीआरआयवर नोंदणी कधी करायची?

पहिला पेशंट घेण्याआधी. ही देशाची क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे पेशंटांवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासांची, नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि पेशंट घ्यायला आधीच सुरुवात केलेल्या ट्रायलची नोंद तिथे एप्रिल २०१८ पासून घेतली जात नाही. वीस पेशंट घेऊन झाल्यावर “सर, नोंदणी राहिली” म्हणत येणारा एक तरी दर वर्षी भेटतो.

औषध कंपनीची ट्रायल केली तर ते संशोधन धरायचं का?

कष्ट तेच असतात, पण प्रश्न कंपनीचा असतो. तुम्ही कंपनीने आखलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे पेशंट घेता, फॉर्म भरता, कंपनीचा मॉनिटर येऊन ते तपासतो. त्यातून शिस्त शिकायला मिळते, हा मोठा फायदा, आणि चांगली चाललेली साइट पुढे स्वतःचे अभ्यासही करू लागते.

भीतीही याच वाटेने आली. २०१० च्या सुमारास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पावरून वादळ उठलं, ट्रायलमध्ये दगावलेल्यांच्या भरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये परवानग्या जवळपास थांबल्या. तक्रारी गंभीर होत्या, कडक नियम यायलाच हवे होते. पण त्या काळात अनेक चांगल्या डॉक्टरांनी ट्रायल हा शब्दच सोडला, आणि पुष्कळ हॉस्पिटलांच्या व्यवस्थापनांनी “नसती झंझट नको” म्हणून दार लावून घेतलं. २०१९ च्या नव्या नियमांनी परवानगीच्या मुदती आणि भरपाईचं सूत्र ठरवून दिलं. दार लावलेल्यांपैकी काहींनी ते अजून उघडलेलं नाही.

पैसा कुठून मिळतो?

आयसीएमआर, केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग, काही स्पेशालिटी संघटना. सरकारी कॉलेजांत केंद्राच्या योजनेतून बहुशाखीय संशोधन केंद्रं उभी राहिली आहेत, तिथे पीसीआरसारखी, जनुकीय तपासणीची यंत्रं असतात. तुमच्या कॉलेजात असेल तर तिसऱ्या मजल्यावर जाऊन एकदा दार वाजवा. आमच्याकडच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञाला आम्ही कुणी डॉक्टर भेटायला जातच नाही, याचंच वाईट वाटायचं.

पैसा मंजूर होणं सोपं, खर्च होणं कठीण. मला एकदा छोटंसं अनुदान मिळालं. रक्कम कॉलेजच्या खात्यात आली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. किट घ्यायचं तर तीन कोटेशनं, खरेदी समितीची मीटिंग, ऑडिटची शंका. किट आलं तेव्हा त्याच्या मुदतीला सात आठवडे उरले होते आणि मार्चअखेरीला युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे खर्चल्याचा दाखला, द्यायचं होतं. पुढच्या वर्षी मी अर्ज केला नाही. आळस म्हणा.

एमबीबीएसला असताना काही करता येतं का?

हो, आणि तेव्हाच करा. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांचं छोटं काम, एक गाइड, शेवटी अहवाल आणि विद्यावेतन. माझ्या पाहण्यातल्या ज्या डॉक्टरांनी पुढे संशोधन टिकवलं, त्यांतले बरेच या दोन महिन्यांत बिघडले.

अमेरिकेला रेसिडेन्सीसाठी जायचं म्हणून पेपर हवेत, अशीही मुलं येतात. त्यांच्यावर नाक मुरडू नये. त्यांच्याइतकं मन लावून संदर्भ तपासणारे विद्यार्थी मला दुसरे मिळालेले नाहीत. फक्त व्हिसा लागला की डेटाची फाइल कुणाकडे आहे, हे आधी विचारून ठेवावं.

बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे. उपयोग होतो का?

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा हा कोर्स खरोखर नीट बांधला आहे. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून फक्त परीक्षेपुरता केलात तर नाही होणार.

इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

थोडं अडतं, पण वाटतं तेवढं नाही. मराठी शाळेतून आलेले माझे अनेक विद्यार्थी याच भीतीने लिहायला बसत नाहीत. पेपरचं इंग्रजी हे ठरीव साच्याचं असतं. कथा लिहायची नसते. काय केलं, किती जणांवर, काय सापडलं. पहिला मसुदा मराठीत लिहिलात तरी बिघडत नाही. मी अजूनही निष्कर्षाचा परिच्छेद आधी मराठीत लिहितो, कारण मराठीत थाप मारली की लगेच ऐकू येते.

बायकांना हे जास्त जड जातं का?

संशोधनाचा तास पाचनंतरचा आहे असं वर म्हटलं. तो तास बहुतेक घरांत बाईच्या नावे आधीच लिहिलेला असतो. वर थिसीसची, लग्नाची, पहिल्या बाळाची आणि अनुदानाच्या वयोमर्यादेची वर्षं एकाच वेळी येतात. ती लेखी दुपार मी मागतो, त्याचं हेही एक कारण.

मी गावात एकटा दवाखाना चालवतो. माझ्याकडून काय होणार?

या प्रश्नाचं उत्तर रायगड जिल्ह्यातल्या महाडला आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. कोकणात लाल विंचू. भातकापणीत, लाकडाच्या मोळीत, बांधावरचा दगड उचलताना डंख व्हायचा. धडधाकट माणूस घामाने भिजायचा, उलट्या, हातपाय बर्फासारखे, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन संपायचा. पुस्तकात यावर धड काही नव्हतं. बावस्कर पेशंटच्या खाटेशेजारी बसून राहिले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, आणि वही. त्या नोंदींतून आधी हे कळलं की कुठल्या खुणा दिसल्या म्हणजे पुढे हृदय धोक्यात येणार. १९८२ साली ते लॅन्सेट या नामवंत ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. मग त्यांनी रक्तदाबाची एक साधी गोळी, प्राझोसिन, वापरून पाहिली. १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये. पूर्वी गंभीर पेशंटांतले पुष्कळसे जायचे, या गोळीनंतर मृत्यू अगदी थोड्यांवर आले. २०११ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी महाडमध्येच नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष यांची तुलना करून ती ब्रिटिश मेडिकल जर्नलला दिली. यात कुठे पीसीआर आहे? रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ आणि वही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचं कामही असंच प्रश्नापासून सुरू झालं: हॉस्पिटल दूर असेल तर बाळं घरीच कशी जगवायची? ३९ गावांत शिकवलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ४७ गावांत तसं नव्हतं. तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ चा लॅन्सेट. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, ती पद्धत तिथून निघाली.

तुम्ही बावस्कर व्हाल असं मी म्हणत नाही. त्यांच्या वाटेत लोकांनी किती दगड टाकले, तेही त्यांनी सांगितलं आहे. खासगी डॉक्टरच्या खऱ्या अडचणी दोन. पहिली, वहीत घातलेला तास हा पेशंट न तपासलेला तास असतो, आणि त्या तासावर बँकेचा हप्ता अवलंबून असतो. दुसरी, वाचायला जर्नल मिळत नाही. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नलं खुली झाली, तुमच्या दवाखान्याला नाही. जवळच्या सरकारी कॉलेजातला एखादा वर्गमित्र धरा. एथिक्सची परवानगीही तिथूनच मिळू शकते. आम्हाला पेशंट पाहायला वेळ मिळत नाही आणि तुमच्याकडे वीस वर्षं तीच कुटुंबं येतात, ही जोडी वाईट नाही.

पेपर परत आला. आता?

परीक्षकाचं पत्र वाचून फाइल बंद करा. चार दिवसांनी उघडा. त्यातली निम्मी टीका बरोबर असते, ती दुरुस्त करून दुसरीकडे पाठवा. आमच्या एका पेपरला चौथ्या जर्नलने घेतलं. तिसऱ्याच्या परीक्षकाने दाखवलेली चूक खरी होती, ती आधीच्या दोघांना आणि आम्हा पाचही लेखकांना दिसली नव्हती.

मला एक प्रश्न पडला आहे, लहानसा आहे. सुरुवात कशी करू?

तो एका वाक्यात लिहून काढा आणि ज्याला तुमचा विषय येत नाही अशा कुणालातरी ऐकवा. मी बायकोला ऐकवतो, ती बँकेत आहे. तिला कळलं नाही तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

मग पेशंट घेण्याआधी पीएसएम (सामुदायिक वैद्यक) विभागातल्या स्टॅटिस्टिक्सवाल्याला भेटा, नंतर नव्हे. तो विचारेल, “नेमकं काय मोजणार?” या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. अडखळलात तर चहा मागवा आणि बसून राहा.

रकाने दहा-अकराच ठेवा. माझ्या पहिल्या अभ्यासात सत्तेचाळीस होते. पहिले आठ पेशंट पूर्ण भरले, पुढच्या तीसांचे सोळा रकाने कोरे, आणि बाराव्या रकान्यात नक्की काय लिहायचं होतं ते आता मलाही आठवत नाही. ती वही अजून माझ्या खणात आहे. नवीन रेसिडेंट आला की पहिल्या आठवड्यात त्याला ती दाखवतो.